यंदाच्या पावसात मुंबईतले साधे बेडूक कानांनी मोजायचे का?

मृगसरी
मंडळी, दर पावसाळ्यात इथे बेडकांचे फोटो येतात आणि प्रत्येक फोटोखाली कुणीतरी लिहितंच, "आमच्या लहानपणी रात्रभर नुसता कल्लोळ असायचा, आता कुठे राहिलेत?" त्याखाली लगेच दुसरा लिहितो, "आमच्याकडे तर यंदा जास्तच आहेत." दोघंही खरं बोलत असतील. पण मुंबईतले बेडूक कमी झाले का, झाले तर कुठले आणि कुठल्या भागात, हे आकड्यांत सांगा म्हटलं तर आपल्यापैकी कुणालाच सांगता येणार नाही.

जगाचं चित्र काळजीचं आहे. २०२३ साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात आठ हजारांहून जास्त उभयचर जातींचा आढावा आला. त्यात जवळपास ४१ टक्के जाती धोक्यात निघाल्या. पक्षी आणि सस्तन प्राण्यांपेक्षा हे प्रमाण कितीतरी जास्त आहे. पण माझ्या गोरेगावातल्या डबक्याचं काय चाललंय, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी इथल्याच माणसांनी कान द्यायला हवा.

माझ्या डोक्यात आहे ते असं: प्रत्येकाने घराजवळची पाण्याची एक जागा धरायची. तळं, विहीर, नाल्याचा काठ, मैदानातलं पावसाळी डबकं, काहीही चालेल. अंधार पडल्यावर अर्ध्या तासाने तिथे जायचं, दोन मिनिटं गप्प उभं राहायचं (आपण आलो की ते थांबतात), आणि मग पाच मिनिटं ऐकून फॉर्ममध्ये लिहायचं. प्रत्येक जातीला ० ते ३ गुण, हा आवाजाचा निर्देशांक. आवाज नाही तर ०. एकेक नर वेगळा मोजता येतो तर १. आवाज एकमेकांवर चढतायत पण अंदाज येतोय तर २. अखंड कोरस, कुठे सुरू नि कुठे संपतो ते कळत नाही, तर ३. उत्तर अमेरिकेत स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं हीच पद्धत वापरली. बेडूक पकडायचा नाही, उचलायचा नाही.

कोण कोण तयार आहे? आणि हे करण्यात खरंच अर्थ आहे का, तेही मोकळेपणी सांगा.

पर्जन्यमापक
मी तयार. भांडुप पश्चिम. घरात पर्जन्यमापक आहेच, पावसाचा आकडाही देईन.

सुमनमावशी
मुलुंडला आमच्या सोसायटीच्या मागे पडीक जागेत पाणी साचतं. मला गुडघ्यांमुळे फार चालवत नाही, पण गॅलरीतून सगळं ऐकू येतं. गॅलरीतून ऐकलेलं चालेल का गं? आणि आमच्याकडे एक घरातही आहे. तो बारा महिने निर्देशांक ३ देतो, पण तो सोफ्यावर झोपतो.

मृगसरी
मावशी 😄 काकांना वेगळा रकाना करू. गॅलरी नक्की चालेल, फक्त दर वेळी तीच गॅलरी आणि पंखा बंद.

चिकित्सक
कल्पना चांगली आहे, पण माझी शंका मांडतो. हौशी लोकांना बेडकाच्या जाती ओळखता येत नाहीत. शेतातल्या छोट्या बेडकांच्या जाती तर तज्ज्ञांनाही कधी जनुकं तपासल्याशिवाय वेगळ्या करता येत नाहीत. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या एका बेडकाला २०१५ साली नवी जात म्हणून नाव मिळालं, 'बहुविस्तारा'. तोवर तो दुसऱ्याच नावाखाली मोजला जात होता. मग आपल्या यादीचा उपयोग काय? चुकीच्या नोंदींचा ढीग करून पुढे त्यावरून 'मुंबईत बेडूक घटले' अशा बातम्या आल्या तर नुकसानच.

कोकण्या
चिकित्सकरावांशी निम्मा सहमत. पण सगळ्या जाती कशाला? चार-पाच आवाज तर कुणालाही येतील. टोडची, म्हणजे खरबरीत कातडीच्या भेकाची, लांबलचक 'कुर्रर्रर्र', मध्ये श्वासच घेत नाही असं वाटतं. बुलफ्रॉगचा खोल 'ड्रॉंव', दोन इमारती पलीकडून ऐकू येतो. झाडबेडकाची सुटी 'टक्… टक्-टक्', दारावर टकटक केल्यासारखी. आणि तो इवलासा मायक्रोहायला, कंगव्याच्या दातांवरून नख फिरवा, तोच आवाज. नखाएवढा जीव आणि आवाज असा की माणूस म्हशीएवढा बेडूक शोधत फिरतो.

नीरव
+१. शेतातल्या छोट्यांना 'छोटे बेडूक, जात माहीत नाही' असा एक गट ठेवा. चुकीच्या नावापेक्षा खरा गट बरा. आणि फोनवर एक मिनिट रेकॉर्ड करा. ऑस्ट्रेलियन म्युझियमने २०१७ पासून हेच चालवलंय: लोक फोनवर आवाज टिपतात, तज्ज्ञ ऐकून जात ठरवतात. रेकॉर्डिंग जपून ठेवलं तर दहा वर्षांनी नाव बदललं तरी नोंद वाया जात नाही.

सांख्यिक
चिकित्सक यांचा मुद्दा गंभीर आहे, पण माझ्या मते ओळखीची चूक ही दुसऱ्या नंबरची अडचण. पहिली वेगळीच आहे, आणि ती 'फोटो टाका' छापाच्या सगळ्या उपक्रमांना भोवते.

फोटोवाल्या ॲपवर नोंदी वाढल्या म्हणजे बेडूक वाढले असं नसतं, फोनवाले वाढले एवढंच कळतं. दिसला तो नोंदवला. नाही दिसला तर कुणी काही लिहीतच नाही. जिथे पाच वर्षांपूर्वी कोरस होता आणि आज काहीच नाही, त्या जागेचा फोटो कोण टाकणार? आणि घट तर नेमकी तिथेच असते. म्हणून मृगसरी यांच्या तक्त्यातलं ० मला सगळ्यात मोलाचं वाटतं. कृपा करून कुणीही 'आज काही नव्हतं, म्हणून फॉर्म भरला नाही' असं करू नका.

पण ० म्हणजे बेडूक नाहीत असंही नाही. त्या रात्री ओरडले नसतील, शेजारी डीजे असेल, वारा असेल. म्हणून एका जागी एकाच हंगामात किमान तीनदा जायचं. समजा एका भेटीत ऐकू येण्याची शक्यता निम्मी आहे. तर तिन्ही वेळा हुकण्याची शक्यता आठात एक उरते. भेटी वेगवेगळ्या असल्या की हुकण्याचं प्रमाण गणितातून काढता येतं आणि मग खरा अंदाज बांधता येतो. एकाच भेटीवर ते जमत नाही.

आणि मुंबईसाठी खास: तारखेला चिकटू नका. २०२३ साली मुंबईत मोसमी पाऊस पोचला २५ जूनला. २०२५ साली २६ मेला. जवळपास महिन्याचा फरक! '१५ जूनला मोजणी' असं ठरवलं असतं तर एका वर्षी सगळीकडे शून्य आणि दुसऱ्या वर्षी बुलफ्रॉगचा सोहळा केव्हाच आटोपलेला. मग आपण तक्ता काढून म्हटलं असतं की बेडूक घटले. घटलं-वाढलं काहीच नसतं, फक्त पाऊस मागेपुढे झालेला असतो. मोजणी पहिल्या मोठ्या पावसापासून दिवस धरून करा.

पर्जन्यमापक
हे पटलं. 'पहिला मोठा पाऊस' म्हणजे किती ते ठरवा. माझी सूचना: २४ तासांत ५० मिमी. वळवाची एखादी सर आली म्हणून कुणी टॉर्च घेऊन धावायला नको.

कोकण्या
सर्वसाधारणपणे मान्य, पण बुलफ्रॉग आकडा विचारत नाही हो. आमच्या गावी मृगाची पहिली जोरदार सर पडली की रात्रीच शेतात पिवळे गोळे उतरतात. नर एरवी मळकट हिरवा. त्या एका-दोन रात्रीत लिंबासारखा पिवळा होतो आणि गालांखालच्या दोन्ही पिशव्या निळ्याशार. दोन-तीन दिवसांत सगळं उरकतं. त्यानंतर गेलात तर एकही नाही. टोड आणि झाडबेडूक मात्र आठवडेच्या आठवडे बोलत राहतात. म्हणून पहिली भेट ४८ तासांच्या आत असलीच पाहिजे.

सांख्यिक
कोकण्या, अगदी बरोबर. पहिली ४८ तासांत, दुसरी दोन आठवड्यांनी, तिसरी श्रावणात.

वैद्यबुवा
जाण्यापूर्वी एक. मुंबईच्या साचलेल्या पाण्यात उंदीर-घुशींचं मूत्र मिसळतं आणि लेप्टोस्पायरोसिस दर पावसाळ्यात होतोच. काठावर उभं राहून ऐका, पाण्यात उतरू नका. पायाला चीर, भेगा, छोटी जखम असेल तर गमबूट घाला. गेलाच पाय पाण्यात तर २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवून प्रतिबंधक गोळी घ्या. ताप यायची वाट बघू नका. एकट्याने जाऊ नका.

नीरव
आणि आरे-येऊरच्या जंगलात जाणाऱ्यांनी बिबट्याचं भान ठेवा. खाली वाकून, गुडघे टेकून बेडकाचे फोटो काढत बसायचं नाही. उभं राहा, बोलत या, बोलत जा.

आरेची_पोर
मी पाड्यावर राहते. तुम्ही सगळे चांगलं बोलताय म्हणून लिहिते.

आमच्याकडे पावसाळ्यात दर शनिवारी गाड्या भरून लोक येतात. कपाळावर टॉर्च, हातात फ्लॅश. एक बेडूक सापडला की दहा जण त्याच्या तोंडावर उजेड मारतात. त्याला उचलून छान दिसणाऱ्या पानावर बसवतात. मग तो बिचारा त्या रात्री ओरडतो का? माझे बाबा आवाजावरून सांगतात कुठला आहे आणि पाणी किती दिवस टिकेल. त्यांना कुणी विचारत नाही. फोटो मात्र मोठ्या ग्रुपवर जातो.

मोजायचं असेल तर आमच्या पाड्यातल्या पोरांना घ्या. ती रोज तिथेच असतात. तुम्ही वर्षातून तीनदा येणार, ती तीस वेळा ऐकतात. पण फुकट नाही. तुम्ही हौस म्हणून करता. त्यांच्या रात्रीच्या वेळेला किंमत आहे.

मृगसरी
आरेची_पोर, हे वाचून मी मूळ आखणीत बदल करतेय. आरेच्या जागांचं ऐकण्याचं काम पाड्यावरच्या मुलांकडे, आणि आपण वर्गणी काढून त्यांना प्रत्येक भेटीचे पैसे द्यायचे. अहवालात नावं त्यांची, त्यांची हरकत नसेल तर. बाबा आवाज ओळखून सांगायला तयार असतील तर रेकॉर्डिंग करून आवाजांचा संचही त्यांच्याकडूनच बनवून घेऊ. त्याचे वेगळे पैसे.

भाऊसाहेब
पैसे दिले की मग ते 'स्वयंसेवक' कुठे राहिले? अशा कामात व्यवहार आला की कामाचा आत्मा जातो. माझं स्पष्ट मत.

आरेची_पोर
भाऊसाहेब, जंगलात रात्री साप-बिबट्या असताना उभं राहायचं आणि सकाळी मजुरीला जायचं. आत्मा पण पोटाला चिकटलेला असतो.

चिकित्सक
या बाबतीत मी आरेची_पोर यांच्या बाजूने. शास्त्रीय दृष्टीनेही. पगारी, ठरलेला, रोज तिथे असणारा निरीक्षक असेल तर नोंदीत खंड पडत नाही. हौशी माणूस तिसऱ्या वर्षी गळतो, आणि तिसऱ्या वर्षापासूनच नोंद कामाची होऊ लागते.

उत्तनकर
माझा विरोध एका गोष्टीला. जागा जाहीर करू नका. आमच्या भागात अजून रात्री टॉर्च घेऊन बुलफ्रॉग पकडायला माणसं येतात. उजेडाने तो दिपतो, जागेवर बसून राहतो, हाताने उचलतात. नेमकी विणीच्या रात्री. म्हणजे अंडी घालण्याआधीच. तुमच्या नकाशावर 'इथे निर्देशांक ३' लिहिलंत तर ती माणसं तोच नकाशा वापरतील.

कोकण्या
खरं आहे. एके काळी हा मोठा धंदाच होता. तंगड्या परदेशात जायच्या. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला चार हजार टनांहून जास्त निर्यात झालीय. आणि एका तंगडीच्या जोडीचं वजन किती, विचार करा, म्हणजे किती कोटी बेडूक गेले. शेवटी १९८७ साली निर्यात बंद झाली. ती बंद व्हावी म्हणून आवाज उठवणाऱ्यांत आपल्या मुंबईचे हुमायून अब्दुलअली होते, बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे. बेडूक शेतातले किडे खातो, हा हिशेब त्यांनी लावून धरला होता.

अवांतर: त्यांच्या नावाचा बेडूकही आहे. 'बॉम्बे नाइट फ्रॉग', शास्त्रीय नावात हुमायून. राहतो मात्र सह्याद्रीतल्या ओढ्यांत. २०१६ साली कोयनेजवळच्या हुंबरळीत केलेल्या अभ्यासातून कळलं की त्याची मिलनाची पद्धत जगात आजवर नोंदलेल्या सगळ्या बेडकांपेक्षा वेगळी आहे. मादीही आवाज काढते!

सुमनमावशी
मादीही आवाज काढते यात नवल काय हो? 😄

मृगसरी
उत्तनकर, मान्य. जाहीर नकाशावर फक्त वॉर्ड दाखवू. नेमकी जागा नोंदवणाऱ्याकडे आणि संकलन करणाऱ्या दोघांकडे. बुलफ्रॉगच्या नोंदी तर हंगाम संपल्यावरच उघड करू.

पवईकर
उशिरा आलो. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. कमी झाले की नाही हे मोजत बसण्याआधी डोळ्यांसमोर जे चाललंय ते बघा ना. आमच्या परिसरात एक जुनं तळं होतं, काठ मातीचा, उतरता. सुशोभीकरण झालं. आता चारी बाजूंनी सरळ काँक्रीटची भिंत, वर ग्रॅनाइट, रंगीत दिवे. टोड त्यात पडतात, अंडीही घालतात, काळ्या दोऱ्यासारख्या माळा दिसतात पाण्यात. पण महिन्याभराने नखाएवढी पिल्लं भिंत चढू शकत नाहीत. एका सकाळी बघितलं, भिंतीच्या पायथ्याशी शेवाळाला चिकटून ओळीने बसली होती. दुपारपर्यंत कावळ्यांनी निम्मी संपवली. मी एक लाकडी फळी तिरकी लावली. दुसऱ्या दिवशी फळी 'कचरा' म्हणून उचलून नेली.

तिथे निर्देशांक घेतलात तर ३ येईल! मोठे नर ओरडतायत ना. पण ते तळं पुढच्या पिढीसाठी मेलेलं आहे.

सांख्यिक
पवईकर, हा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. ओरडणाऱ्या नरांचा आवाज म्हणजे विणीचा प्रयत्न. यश नव्हे. टोड काही वर्षं जगतो, त्यामुळे पिल्लं तगली नाहीत तरी आवाज बरीच वर्षं टिकेल आणि मग एकदम थांबेल. फॉर्ममध्ये दोन रकाने वाढवा: काठ कसा आहे (मातीचा उतार / दगडी / उभी भिंत), आणि दुसऱ्या भेटीनंतर दिवसा एकदा जाऊन टॅडपोल (पाण्यातली शेपटीवाली पिल्लं) किंवा छोटे बेडूक दिसले का.

नीरव
आणि तिसरा: पाण्यात मासे सोडलेत का. डासांसाठी गप्पी नि गंबुशिया सोडतात, ते बेडकाची अंडी आणि छोटे टॅडपोलही खातात.

कोकण्या
झाडबेडकाचा फेसही बघा. पाण्याच्या वर फांदीला, टाकीच्या कडेला, भिंतीला पांढरट फेसाचा गोळा चिकटलेला असतो. आत अंडी असतात. टॅडपोल झाले की टपटप खाली पाण्यात पडतात. सोसायट्यांमध्ये साबणाचा फेस समजून पाइप मारून धुवून टाकतात. आणि एक ध्यानात ठेवा, सह्याद्रीतल्या झुडूपबेडकांना पाण्यातली टॅडपोल अवस्थाच नसते, अंड्यातून थेट छोटा बेडूक. त्यांचं काही पाण्यात दिसणार नाही.

वैद्यबुवा
डासांवरून. 'बेडूक गेले म्हणून मलेरिया वाढला' असं लोक छातीठोक बोलतात. मुंबईबद्दल असं म्हणायला आधार नाही. मात्र कोस्टा रिका आणि पनामात बेडकांच्या कातडीला लागणाऱ्या कायट्रिड बुरशीने उभयचर कोसळले, त्यानंतर काही वर्षं मलेरियाचे रुग्ण वाढले, असं २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. तिथे घट किती आणि केव्हा झाली हे माहीत होतं म्हणून ते ताडून बघता आलं. आपल्याकडे तुलनेला जुनी नोंदच नाही. म्हणून मी या धाग्याच्या बाजूने आहे.

नीरव
बुरशीचं नाव निघालं म्हणून: एकाच रात्री दोन जागी जाणार असाल तर मध्ये बुटांचा चिखल घासून धुवा आणि पूर्ण कोरडे करा. ती बुरशी पश्चिम घाटातही सापडलेली आहे. आणि डास पळवायचं मलम लावलेल्या हाताने बेडकाला चुकूनही शिवू नका, त्याची कातडी सगळं शोषून घेते.

भाऊसाहेब
इतकं सगळं करून निष्कर्ष कधी निघणार? पाच वर्षांनी? दहा? तोवर तळीच राहणार नाहीत.

सांख्यिक
प्रामाणिक उत्तर: एका-दोन वर्षांत काही सिद्ध होणार नाही. दक्षिण कॅरोलिनात एका तळ्याभोवती १२ वर्षं कुंपण लावून येणारा-जाणारा प्रत्येक उभयचर मोजला होता, १९९१ साली 'सायन्स'मध्ये आलं. माणसाचा हस्तक्षेप नसतानाही पावसाप्रमाणे संख्या प्रचंड वरखाली होत होती. मधली दोन-तीन वर्षं घेतली असती तर कुणीही 'संपले' म्हणालं असतं.

चिकित्सक
पण भाऊसाहेबांची घाईही समजून घ्या. कोस्टा रिकाच्या मॉन्टेव्हर्डेत सोनेरी टोड १९८७ साली दीड हजारांवर दिसले. १९८९ साली एक. त्यानंतर एकही नाही. तिथे 'अजून दहा वर्षं मोजू' म्हणायला वेळच मिळाला नाही.

सांख्यिक
दोन्ही खरं. म्हणून तळं वाचवायला आकड्यांची वाट बघायची नाही. पवईकरांची फळी आजच लावा. आकडे दुसऱ्या कामासाठी: हळूहळू होणारी घट दिसावी म्हणून. ब्रिटनमध्ये साधा टोड, अगदी सर्रास दिसणारा, तिथले लोक विणीच्या रात्री बादल्या घेऊन त्यांना रस्ता ओलांडून देतात. किती नेले ते लिहून ठेवतात, बस एवढंच. २०१६ साली त्या वह्या एकत्र केल्या तर तीस वर्षांत ६८ टक्के घट निघाली. दरवर्षी थोडी थोडी होती म्हणून कुणाच्या लक्षात आली नव्हती. ती वही कुणा तज्ज्ञाने नाही, गावातल्या माणसांनी लिहिली होती.

चिकित्सक
हे उदाहरण माहीत नव्हतं. माझी शंका बऱ्यापैकी मिटली. कलिन्याची एक जागा मी घेतो. गट ठेवायचा, नाव नाही, रेकॉर्डिंग सोबत, या अटीवर.

सुमनमावशी
बघा, ओढलं की नाही शेवटी पाण्यात! वैद्यबुवा, यांना गमबूट द्या.

पर्जन्यमापक
*(धागा वर आणतोय)* काल सकाळी साडेआठ ते आज साडेआठ, ८३ मिमी. आजची रात्र पहिली भेट. सगळ्यांनी फॉर्म भरा.

कोकण्या
निघालो.

सुमनमावशी
गॅलरी, साडेआठ ते आठ पस्तीस. टोड २, छोटे बेडूक ३, झाडबेडूक ०, बुलफ्रॉग ०. मागच्या रस्त्यावर मिक्सरचा ट्रक चालू होता, ते आवाजाच्या रकान्यात लिहिलंय. आमच्या लग्नानंतर इथे आलो तेव्हा बुलफ्रॉग नक्की होते. पण ते आठवणीतलं आहे, फॉर्ममध्ये नाही लिहिलं.

मृगसरी
मावशी, आठवणीसाठी वेगळा फॉर्म करतेय. 'कुठल्या साली, कुठे, कुठला आवाज, कितपत खात्री.' आकडेवारीत मिसळणार नाही, पण कुठे शोधायचं ते त्यावरून कळेल.

आरेची_पोर
तीन जागा झाल्या. बाबा आणि पोरं. एका जागी बुलफ्रॉग २. रेकॉर्डिंग पाठवलंय. दुसऱ्या जागी गेल्या वर्षी भराव टाकला होता. पाणी साचतच नाही तिथे आता. तिथे पण पाच मिनिटं उभे राहिलो आणि सगळ्याला ० लिहिलं. ती जागा यादीत ठेवायची ना?

सांख्यिक
ठेवायचीच. दरवर्षी. ती जागा वगळली तर आपला तक्ता सांगेल की मुंबईत सगळं ठीक आहे.

पवईकर
तळ्यात टोड ३. भिंत तशीच. आज सोसायटीच्या सेक्रेटरींना घेऊन गेलो होतो, त्यांना ऐकवलं. कोपऱ्यात दगड रचून उतार करायला तोंडी होकार दिलाय. लेखी मागतोय.

चिकित्सक
कलिना: छोटे बेडूक २, टोड १, बाकी ०. विमानं सारखी जात होती. पाच मिनिटांत ऐकण्याजोगी शांतता जेमतेम निम्मा वेळ. अशा वेळी काय करायचं?

सांख्यिक
विमान गेलं की घड्याळ थांबवा, गेल्यावर पुन्हा चालू करा. ऐकलेली पाच मिनिटं भरली पाहिजेत. एकूण किती वेळ उभे होतात तेही लिहा.

मृगसरी
आतापर्यंत भांडुप, मुलुंड, गोरेगाव-आरे, पवई, कलिना आणि उत्तन एवढ्या भागांतून नोंदी आल्या. दहिसर, विक्रोळी, माहीम-धारावीकडचं निसर्ग उद्यान, दक्षिण मुंबई रिकामं आहे. निसर्ग उद्यान आणि विद्यापीठासारख्या ठिकाणी संध्याकाळनंतर थांबायला परवानगी लागते, त्याचं पत्र मी तयार केलंय, हवं त्याने मागा. पाड्यावरच्या पहिल्या भेटींचे पैसे वर्गणीतून उद्या पोचतील. ज्यांची पहिली भेट राहिली त्यांना उद्या रात्रीपर्यंत मुदत, त्यानंतरची नोंद दुसऱ्या भेटीत धरली जाईल. दुसरी भेट दोन आठवड्यांनी, आणि दिवसा एक फेरी पिल्लांसाठी.

भाऊसाहेब
दहिसर नदीकाठ मी घेतो. वर्गणी किती ते कळवा.